आपली गल्ली पुरात किती टिकेल? खान्देशातल्या शहरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धुळ्याला राहते, तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवते आणि गेली काही वर्षं पावसाळ्याआधी आमच्या भागातल्या घरांची, गटारांची, नाल्यांची मोजणी शेजाऱ्यांना सोबत घेऊन करते. त्या कामात लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा, नंदुरबार, नवापूर, कुठेही राहत असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

खान्देश तर टँकरचा मुलूख. इथे पुराची काळजी कशाला?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि तो विचारणारा माणूस चुकत नाही. मे महिन्यात ज्याने हंड्यांची रांग लावली आहे, त्याला ऑगस्टच्या पुराचं बोलणं दूरचं वाटणारच. पण आपल्या नद्यांची ठेवण पाहा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारी तापी. दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून उतरणाऱ्या नद्या लांबीने छोट्या आणि उताराने तीव्र आहेत. डोंगरात रात्री कोसळलेला पाऊस पहाटेपर्यंत गावात पोचतो. वर्षातले आठ-नऊ महिने ही नदी वाळूचा पट्टा असते, म्हणून तिच्या पात्रात बाजार भरतो, गाड्या लागतात, झोपड्या उभ्या राहतात. नदी आहे हेच आपण विसरतो. कोरड्या मुलखातला पूर जास्त घातक ठरतो तो या विसरण्यामुळे.

1872 साली पुराने धुळ्यात घरादारांची मोठी हानी केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. अलीकडचं सांगायचं तर ऑगस्ट 2018 मध्ये नवापूरला रंगावलीने झोडपलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये धुळ्यात पांझरा काठ सोडून वाहिली. 31 ऑगस्ट 2021 ला कन्नड घाटाच्या परिसरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर व डोंगरी या दोन नद्यांचं पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरलं. आजूबाजूच्या गावांत दावणीला बांधलेली जनावरं वाहून गेली. पुढच्या काही दिवसांतच चाळीसगावात पुन्हा पाणी चढलं. पहिल्या पुराचा गाळ उपसून ज्याने दुकान नुकतं लावलं होतं, त्याचं दुसऱ्यांदा काय झालं असेल, हे मला अजून सुचू देत नाही.

पूर तर पूर्वीही यायचे. हवामान बदलाने नेमकं काय बदललं?

पावसाची वर्षभराची बेरीज फारशी बदलली नसेल, तरी त्याची वाटणी बदलली. हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ते बाष्प खाली येतं तेव्हा एकदम येतं. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या, असा हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास सांगतो. अरबी समुद्र तापल्याने तिथून आत येणाऱ्या ओलाव्याचे लोट अनियमित आणि जोरकस झाले, हे त्याचं कारण त्यांनी दिलं आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. वीस-पंचवीस दिवस उघाड, पिकं माना टाकतात, आणि मग महिन्याचा पाऊस दोन रात्रींत. दुष्काळ आणि पूर एकाच हंगामात, कधी एकाच गावात. गटारं आणि मोऱ्या (रस्त्याखालून नाल्याचं पाणी नेणारे नळ) मात्र जुन्या पावसाच्या मापाने बांधलेल्या आहेत.

पूर-असुरक्षितता म्हणजे काय? नदीकाठचं घर म्हणजे धोक्यातलं घर, इतकं सरळ नाही का?

नाही, आणि सगळी गफलत इथेच होते. हवामान बदलावर काम करणारे शास्त्रज्ञ धोक्याचे तीन भाग करतात. पहिला भाग संकटाचा, म्हणजे पाऊस किती पडेल, पाणी किती चढेल. दुसरा त्या पाण्याच्या वाटेत कोण आणि काय आहे याचा. आणि तिसरा, जे वाटेत आहेत त्यांना ते पाणी किती लागेल आणि त्यातून ते किती लवकर उठतील याचा. असुरक्षितता म्हणजे हा तिसरा भाग.

एकाच गल्लीतली दोन घरं घ्या. दोन्हींत दीड फूट पाणी शिरलं. पहिल्या घराला वर मजला आहे, मीटर छातीच्या उंचीवर आहे, मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो. दुसऱ्या घरात म्हातारी एकटी, भिंती मातीच्या, धान्य जमिनीवरच्या कोठीत. पाणी तेवढंच, पण पहिलं घर आठवड्यात पूर्ववत होतं आणि दुसरं दिवाळीपर्यंत उभं राहत नाही. नदीचं अंतर मोजणारा नकाशा या दोघांना एकच रंग देईल.

आमची कॉलनी नदीपासून दोन किलोमीटर लांब. तरी घरात पाणी येतं. का?

कारण तुमच्याकडे येणारं पाणी नदीचं नाही, तुमच्याच छपरांचं आणि रस्त्यांचं आहे. आकडे मांडून पाहा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी. तासाभरात 60 मिलिमीटर पाऊस झाला तर 1 हेक्टरवर 6 लाख लिटर पाणी पडतं. तिथे पूर्वी शेत होतं तेव्हा, समजा, त्यातलं शेकडा 35 टक्के वाहून जायचं, म्हणजे 2 लाख 10 हजार लिटर. प्लॉट पडले, काँक्रिटचे रस्ते झाले, अंगणात फरशी आली, की शेकडा 90 टक्के वाहतं, म्हणजे 5 लाख 40 हजार लिटर. आपल्याकडे पाणी टँकरने मोजायची सवय आहे म्हणून तसं सांगते. 10 हजार लिटरचे 21 टँकर जिथून बाहेर पडायचे तिथून आता 54 पडतात, तेही एका तासात, त्याच जुन्या नाल्यातून.

काळ्या मातीचंही एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. जूनमध्ये रान भेगाळलेलं असतं, पहिला पाऊस त्या भेगा गिळून टाकतात. माती फुगली की भेगा बुजतात, आणि ऑगस्टमध्ये तेच रान पाणी आत घेत नाही. म्हणून जूनचा 60 मिलिमीटर आणि ऑगस्टचा 60 मिलिमीटर सारखे नसतात.

दुसरं कारण मोरी. नाल्यावर रस्ता करताना एका मोठ्या नळाऐवजी दोन लहान नळ टाकले की काम झालं असं समजतात. सारख्या उतारावर 600 मिलिमीटर व्यासाचा एक नळ जेवढं पाणी नेतो तेवढं न्यायला 300 मिलिमीटरचे निदान सहा नळ लागतात. दोन नव्हे, सहा! वर त्यात प्लास्टिक आणि गाळ. आमच्या भागात अशाच एका मोरीपाशी दर वर्षी तुंबायचं. लोक गटार साफ होत नाही म्हणून ओरडत होते. आम्ही नळाचं तोंड मोजलं तेव्हा कळलं की पूर्ण साफ केलं असतं तरी ते पुरलं नसतं.

निळी रेषा, लाल रेषा काय असतात? आमचं घर निळ्या रेषेबाहेर आहे, मग आम्ही सुरक्षित ना?

जलसंपदा विभाग नदीच्या पुराच्या दोन मर्यादा आखतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचेल ती निळी रेषा. नदी आणि या रेषेच्या मधला भाग प्रतिबंधित. 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द ती लाल रेषा. निळ्या आणि लाल रेषेमधल्या भागात अटींवर बांधकाम होऊ शकतं.

'100 वर्षांतून एकदा' या शब्दांनी फार घात केला आहे. त्याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता. 20 वर्षांचं गृहकर्ज घेतलं असेल, तर ते फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के. निळ्या रेषेचा पूर त्याच 20 वर्षांत येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. आणि हे गणित जुन्या नोंदींवरचं आहे. पाऊस बदलला की रेषा सरकायला हव्यात. शिवाय या रेषा नदीच्या आहेत. वर सांगितलेलं छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी त्यांत येत नाही.

प्लॉट घेताना नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा मागून पाहा. एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका.

उपग्रहाचे नकाशे असताना गल्लीने मोजणी कशाला करायची?

इस्रोच्या 'भुवन'सारख्या संकेतस्थळावर जमिनीच्या उंचीचा नकाशा मिळतो. शहराचा एकंदर उतार कळायला तो चांगला आहे, मी विद्यार्थ्यांना तोच दाखवते. पण त्यातला एकेक ठिपका साधारण 30 मीटरचा असतो आणि उंचीत काही मीटरची चूक असू शकते. घरात पाणी शिरणार की नाही हे ठरतं चार बोटांवर. उंबरठा रस्त्यापेक्षा सहा इंच वर आहे की दोन इंच खाली, हे आकाशातून दिसत नाही.

मग मोजायचं कसं?

गवंड्याकडची लेव्हलची नळी घ्या. पारदर्शक, दहा-पंधरा मीटर लांब, आत पाणी भरलेलं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, एवढंच तिचं शास्त्र. विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी धुळे जिल्ह्यातल्या दातर्तीत पाटाचं पाणी ओढ्याखालून पलीकडे नेणारा सायफन बांधला, तोही पाण्याच्या याच स्वभावावर.

गल्लीतला एक न हलणारा बिंदू निवडा. आम्ही मारुतीच्या देवळाची पायरी घेतली. तिला शून्य मानलं आणि एकेका घराचा उंबरठा तिच्यापेक्षा किती सेंटिमीटर वर किंवा खाली, ते वहीत लिहीत गेलो. एक माणूस पायरीपाशी नळी धरून, दुसरा उंबरठ्यापाशी पट्टी धरून, तिसरा लिहिणारा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय ना ते बघायचं. एका रविवारी सकाळी चहाच्या दोन फेऱ्यांत चाळीस घरं झाली.

त्याच दिवशी कळलं की गल्लीचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा 22 सेंटिमीटर खाली आहे. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, घरं होती तिथेच राहिली. डोळ्यांना ते कधी जाणवलं नव्हतं.

मग जुन्या पुराच्या खुणा शोधल्या. एका घरात जिभाऊंनी भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. खाली चुन्यात मुरलेली मातकट रेघ होती. बोट लावून म्हणाले, "आठलोंग पानी उनथं." म्हणजे इथपर्यंत पाणी आलं होतं. रंग देताना त्यांनी तेवढा तुकडा मुद्दाम सोडला होता. ती रेघ देवळाच्या पायरीशी जोडली तेव्हा, ते पाणी आज आलं तर कोणत्या घरात किती चढेल, ते एका बैठकीत निघालं. म्हाताऱ्या माणसांकडे अशा खुणा असतात. त्या घराला नवा रंग लागायच्या आत मोजून घ्या.

आणखी तीन गोष्टी नोंदवा. गटाराचं पाणी कुठे जाऊन मिळतं ते शेवटपर्यंत चालत जाऊन पाहा, निम्म्या वेळा ते कुठेच मिळत नसतं. मोऱ्यांची तोंडं मोजा. आणि पावसात, सुरक्षित जागेवरून, कुठे किती वाजता किती पाणी होतं ते फोनमध्ये टिपा.

प्रत्येक घराला गुण देऊन निर्देशांक काढावा का?

काढता येतो, आणि पालिकेपुढे ठेवायला तो उपयोगी पडतो. पण बेरजेत माणूस हरवू देऊ नका. समजा पाच गोष्टींना गुण दिले: उंबरठ्याची उंची, भिंतीचा प्रकार, वर जायची सोय, घरातली अशक्त माणसं, हाताशी असलेला पैसा. एका घराला चार गोष्टींत उत्तम गुण आहेत, पण तिथे अंथरुणाला खिळलेले आजोबा तळमजल्यावर आहेत. सरासरी काढली तर ते घर सुरक्षित दिसेल. म्हणून आम्ही बेरजेशेजारी एक वेगळा रकाना ठेवला: 'इथे आधी जायचं'. त्यात एकही कारण बसलं तरी घराला खूण. सरासरीपेक्षा मला तो रकाना जास्त मोलाचा वाटतो.

आजार, उत्पन्न, एकटं राहणं ही माहिती मात्र नाजूक आहे. ती वही दोन-तीन भरवशाच्या माणसांपाशी ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नका.

सगळ्यात जास्त धोका कोणाला?

आमच्या अनुभवात लोक ज्यांची नावं घेतात त्यांच्याशिवायही काही जण असतात.

धाब्याची जुनी घरं. वर खारी माती, खाली लाकडी माळवद, भिंती मातीच्या. उन्हाळ्यात यासारखं थंड घर नाही. पण सलग तीन-चार दिवस झड लागली की धाबं पाणी पिऊन जड होतं आणि भिंतीचा पाया ओला होऊन सुटतो. अशी भिंत पुष्कळदा पूर ओसरल्यावर, ऊन पडल्यावर खचते, आणि तेव्हा माणसं आत परत आलेली असतात. भिंतीला नवी तिरकी चीर, दार अडकायला लागणं, माती भुरभुरणं, यातलं काहीही दिसलं तर त्या रात्री तिथे झोपू नका.

भाडेकरू. मीटर वर घे, उंबरठा चढव, हे मालकाच्या हातात. शिवाय नुकसानीच्या वेळी कागद मालकाच्या नावाचे, भिजलेलं सामान भाडेकरूचं.

तळघरातली दुकानं, झेरॉक्सवाले, शिंपी, पिठाची गिरणी. घर वाचतं पण धंदा जातो. आमच्या ओळखीच्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या मशीनची मोटर पाण्यात गेली. घरात पाणी शिरलंच नव्हतं म्हणून त्यांचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. लग्नसराईचे पैसे त्या मोटरीत गेले. त्यानंतर आम्ही फॉर्ममध्ये 'घरात पाणी आलं का' यासोबत 'कमाईचं साधन कुठे ठेवता' हा प्रश्न घातला.

आणि नदीपात्राच्या कडेला पालं टाकून राहणारे बाहेरगावचे मजूर. त्यांना नदीचा स्वभाव माहीत नसतो आणि आपला इशारा त्यांच्या भाषेत नसतो.

धरणं आहेत ना वर? मग पूर थांबत नाही का?

धरण पूर बराच सौम्य करतं, पण जोवर त्यात जागा शिल्लक आहे तोवरच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण भरत आलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्याची धास्ती असल्याने ते भरलेलं ठेवण्याकडे सगळ्यांचा कल असतो, आणि ते समजण्यासारखं आहे. अशा वेळी वर जोराचा पाऊस झाला की आलेलं पाणी तसंच सोडावं लागतं. तापीवर हतनूरचे 41 दरवाजे, पांझरेवर अक्कलपाडा, गिरणेवर गिरणा धरण, सगळीकडे हाच पेच आहे. शिवाय धरणाच्या खाली येऊन मिळणारे नाले धरणाला ठाऊकच नसतात.

'विसर्ग 10 हजार क्युसेक' अशी बातमी येते. त्यातून काय समजायचं?

1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. म्हणजे 10 हजार क्युसेक हे दर सेकंदाला 10 हजार लिटरचे 28 टँकर रिकामे केल्यासारखं. पण नुसत्या आकड्याने घराचं काही कळत नाही. तुमच्या नदीच्या पुलाच्या खांबावर पट्ट्या रंगवून घ्या आणि प्रत्येक वेळी लिहा: अमुक विसर्ग सोडल्याची बातमी किती वाजता आली, पाणी कोणत्या पट्टीला लागलं, किती वाजता. दोन पावसाळ्यांत तुमच्या भागाचं स्वतःचं कोष्टक तयार होतं. मग बातमी आली की किती तास हातात आहेत ते तुम्हीच सांगाल.

इशारे मिळतात कुठे, आणि रंगांचा अर्थ काय?

हवामान खात्याचा पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून जोरदार पाऊस धरतात, 115.6 पासून अति जोरदार, 204.4 च्या वर अत्यंत जोरदार. हा इशारा जिल्ह्यासाठी असतो, गल्लीसाठी नव्हे. म्हणून पुढच्या तीन तासांचा अंदाजही पाहत जा. फोनवर 'सचेत' आणि विजांसाठी 'दामिनी' ही सरकारी अ‍ॅप ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, तातडीसाठी 112.

या बाबतीत सुरतेचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. त्यानंतर तिथे वरच्या खोऱ्यातल्या पावसापासून शहरातल्या वस्तीपर्यंत इशाऱ्याची साखळी बांधली गेली. त्या साखळीची वरची कडी आपल्याकडे आहे. बऱ्हाणपूर, हतनूर, गिधाडे, सारंगखेडा इथे तापी मोजली जाते आणि ते आकडे खाली उकाईला उपयोगी पडतात. आपल्या काठावरच्या मोजणीने सुरतेचा माणूस सामान वर उचलतो. मग आपल्या पांझरेवर, तितूरवर, गोमाईवर, बोरीवर तशी साखळी का नसावी? नद्या लहान म्हणून वेळ कमी मिळतो हे खरं, पण म्हणूनच ती जास्त हवी.

सावरण्याची ताकद कशी मोजायची? ती काय पट्टीने मोजायची गोष्ट आहे?

पट्टीने नाही, दिवसांनी. पाणी ओसरल्यावर प्रत्येक घराला तीन गोष्टी विचारा. पुन्हा चूल पेटायला किती दिवस लागले? पुन्हा कमाई सुरू व्हायला किती? आणि त्यासाठी काय विकलं किंवा गहाण टाकलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक हळू आवाजात देतात. पण खरी मोजणी तीच. ज्या घराने पंधरा दिवसांत सगळं सुरळीत केलं, पण मंगळसूत्र मोडून, ते घर सावरलेलं नाही. पुढच्या पुराला ते आणखी कच्चं झालं.

ही ताकद पैशाचीच असते असं नाही. बचत गट आहे का, कोणाच्या गच्चीवर कोण जाणार हे आधी ठरलं आहे का, शाळेची किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे मिळेल, हेही त्यातच येतं. शेवटचा प्रश्न आम्ही विचारला तेव्हा तीन जणांनी तीन वेगळी नावं सांगितली, आणि त्यातले एक काका गाव सोडून गेले होते.

आपल्याकडे सामूहिक व्यवस्थेची काही परंपरा आहे का, की हे सगळं बाहेरून आलेलं?

आपल्याकडे फड आहे. पांझरा, मोसम या खोऱ्यांत शेकडो वर्षं बंधाऱ्यांचं पाणी गावाने मिळून वाटलं. शेतं फडांत विभागलेली, प्रत्येक फडात एकच पीक, पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असल्याने तूट सगळ्यांनी मिळून सोसायची. नुकसान वाटून घ्यायची ही रीत मला पुराच्या कामात रोज आठवते. आम्ही गटारावर लक्ष ठेवायला गल्लीतल्या दोन मुलांना नेमलं, तेव्हा त्यांना 'पाटकरी' म्हणायला सुरुवात केली. नाव लगेच रुळलं.

शिरपूर तालुक्यात भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून साखळी बंधाऱ्यांचं जे काम झालं, ते दुष्काळासाठी होतं. पण वर अडलेलं पाणी खाली पूर होऊन येत नाही. शहराच्या वरच्या अंगाला अशी कामं झाली तर शहराचंही भलं होतं. फक्त बंधारा नीट राखायला हवा. फुटलेला बंधारा पुरात भर घालतो.

नाल्याला दोन्ही बाजूंनी भिंत बांधली की प्रश्न मिटेल का?

क्वचित. भिंतीने पाणी वेगाने पुढच्या वस्तीत जातं, आणि गल्लीतलं पाणी नाल्यात जायला वाट उरत नाही, ते भिंतीमागे साचतं. भिंत बांधायचीच असेल तर तिच्यात झडपेची दारं हवीत आणि ती पावसाळ्याआधी उघडून-मिटून पाहिलेली हवीत.

पालिकेकडे नेमकं काय मागायचं?

'नालेसफाई करा' एवढंच मागितलं तर मेअखेरीस काठावर गाळाचे ढीग पडतात आणि पहिल्या पावसात तोच गाळ आत जातो. आम्हीही एकदा तसंच मागितलं आणि तसंच झालं. आता मागणी लेखी आणि मोजमापासह करतो: अमुक मोरीचं तोंड अमुक आहे, अमुक हवं. नवा रस्ता करताना जुना थर खरवडून काढा, उंची वाढवू नका. नव्या लेआउटला मंजुरी देताना नाला नकाशात दाखवा आणि जागेवरही राखा. उंबरठ्यांची वही सोबत जोडली की बोलणं बदलतं. अधिकाऱ्यांनाही हातात काही ठोस हवं असतं, हे मी मनापासून सांगते.

पाणी चढायला लागलं तर पहिल्यांदा काय?

मेन स्विच बंद, तोही पाय कोरडे असतील तरच. मग माणसं वर. मग कागद, औषधं, पिण्याचं पाणी. वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर, सहा इंच असलं तरी धडधाकट माणसाला पाडू शकतं. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते. पुलावरून पाणी वाहत असताना मोटरसायकल घालणं हे धाडस नाही, घरच्यांवर अन्याय आहे. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला नदीवर गर्दी होते. त्या दिवशी वर पाऊस असेल तर काठावर पट्टी पाहणारा एक माणूस उभा करा.

नंतर पंचनाम्यासाठी काय जपून ठेवायचं?

घर धुण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी पट्टी किंवा हातातली बाटली, म्हणजे उंची कळते. भिजलेलं सामान एकत्र ठेवून फोटो. घरपट्टीची पावती, आधार, बँकेचं पासबुक यांच्या प्रती कोरड्या डब्यात वर. भाडेकरूंनी वीजबिल किंवा भाडेकरार ठेवावा.

महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. पण पर्जन्यमापक एका ठिकाणी असतो आणि पाऊस दुसरीकडे पडतो. त्यासाठी गच्चीवर सरळ भिंतीचा डबा आणि पट्टी ठेवून रोज सकाळी साडेआठला माप लिहा. सरकारी पुरावा म्हणून ते चालेलच असं नाही, पण तुमच्या कोष्टकाला त्याची गरज आहे.

शाळेतल्या मुलांना यात घ्यावं का?

जरूर, फक्त नाल्याच्या काठावर पाठवू नका. घरातल्या आजी-आजोबांना विचारून पुराच्या खुणा शोधायचं काम मुलं आमच्यापेक्षा चांगलं करतात. मागच्या वेळी सातवीतल्या एका मुलीने तिच्या आजीच्या सांगण्यावरून गोठ्याच्या खांबावर खिळा दाखवला. आजोबांनी पूर ओसरल्यावर पाण्याच्या पातळीला ठोकलेला, गंजून काळा झालेला. आमच्या वहीतल्या सगळ्या रेघांपेक्षा तो 31 सेंटिमीटर वर होता. सगळं कोष्टक आम्ही पुन्हा मांडलं, आणि त्या आठवड्यात अकरा घरांनी मीटर वर घेतलं.